एलिमिनेटरवर नऊ व्होल्ट लिहिलेले होते

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरू लागल्या की गावोगाव नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि वडसा परिसरातील मंडळांबरोबर साथीला जाणाऱ्या आम्हा वादकांच्या रात्री होळीच्या सुमारापर्यंत रंगमंचाच्या कडेला जागून जातात. मी गिटार वाजवतो. समोर सागाच्या फळीवर चार पेडल, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडलेल्या, पायाने दाबायच्या डब्या, बसवलेली असतात: ट्यूनर, आवाजाला खरखरीत धार देणारे ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि डिले-रिव्हर्ब एकत्र असलेले एक डिजिटल पेडल. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप उभा राहतो आणि वीज कधी जवळच्या खांबावरून ओढलेल्या वायरीने, तर कधी डिझेल जनरेटरवरून मिळते. अशाच एका रात्री, दुसऱ्या अंकाच्या ऐन गाण्यात माझे ओव्हरड्राइव्ह कायमचे बंद पडले. ते का पडले, हे समजायला मला पुढचा जवळजवळ सगळा हंगाम लागला. आमच्या भागात आता बरीच मुले गिटार आणि पेडल घेऊ लागली आहेत, म्हणून तो सगळा शोध येथे सविस्तर लिहीत आहे.

घडले ते असे. चारही पेडलना मी एकाच एलिमिनेटरवरून, एका वायरीला पाच पिना असलेल्या साखळी-केबलने वीज देत होतो. एलिमिनेटर म्हणजे रेडिओ-टेपच्या काळापासून आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी ती काळी डबी, जिच्यावर ३ पासून १२ व्होल्टपर्यंत सरकवण्याची खिट्टी असते. खिट्टी ९ वर होती आणि डबीवर ५०० मिलिअँपिअर असे छापलेले होते. त्या रात्री ओव्हरड्राइव्ह सुरू केले की स्पीकरमधून डासासारखी बारीक शिट्टी ऐकू येत होती. डिजिटल पेडलमुळे हे होते एवढे मला अनुभवाने माहीत होते, म्हणून मी त्याची वीज काढून टाकली आणि कॉर्ड थेट पुढे जोडली. शिट्टी थांबली. पाच मिनिटांनी ओव्हरड्राइव्हचा आवाज फाटल्यासारखा झाला, मग क्षीण झाला आणि मग आलाच नाही.

आठवड्याने मी पेडल आणि एलिमिनेटर दोन्ही घेऊन तालुक्याच्या गावातील एका टीव्ही मेकॅनिककडे गेलो. त्याने पेडल उघडण्याआधी एलिमिनेटरची पिन मीटरला लावली आणि म्हणाला, "भाऊ, यावर नऊ लिहून आहे, पन मीटर त तेरा दाखवते." मीटरवर १३.४ व्होल्ट होते. डबी बिघडलेली नव्हती, ती तशीच असते. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर एवढेच असल्यामुळे तिचे व्होल्टेज स्थिर राहत नाही. छापलेले ९ व्होल्ट हे तिच्यातून पूर्ण ५०० मिलिअँपिअर ओढले जात असतानाचे असतात. ओढ कमी असली की व्होल्टेज चढते, आणि काहीच ओढले जात नसेल तर ते तेराच्या पुढे जाते.

घरी येऊन मी प्रत्येक पेडल किती करंट ओढते ते मोजले. ट्यूनर २८ मिलिअँपिअर, ओव्हरड्राइव्ह (दुरुस्तीनंतर) १८, कोरस १२ आणि डिजिटल पेडल एकटे १४०. चारही जोडलेली असताना एकूण १९८ होत होते आणि तेव्हा एलिमिनेटर ९.८ व्होल्ट देत होता. डिजिटल पेडल काढले की ओढ ५८ वर येत होती आणि व्होल्टेज साडेबाराच्या पुढे जात होते. म्हणजे शिट्टी घालवण्यासाठी मी ज्या पेडलची वीज काढली, तेच पेडल आपल्या ओझ्याने बाकीच्या तिघांना वाचवत होते. त्यात मंडपातले हॅलोजन विझले की जनरेटरचे व्होल्टेज क्षणभर उसळी घेते, आणि अशा एलिमिनेटरमध्ये ती उसळी त्याच प्रमाणात पुढे जाते.

साडेबारा व्होल्टमध्ये ट्यूनर आणि कोरस टिकले, मग ओव्हरड्राइव्हच का गेले? या पेडलमध्ये नऊ व्होल्टपासून आतल्या आत जास्त व्होल्टेज तयार करणारी आठ पायांची एक चिप होती, तिला चार्ज-पंप म्हणतात. मॅक्स १०४४ किंवा तिच्या जातीच्या चिप अशा कामासाठी वापरतात, आणि मॅक्स १०४४ ची कामकाजाची मर्यादा १० व्होल्टची आहे. ९.८ वर ती काठावर उभी होती. साध्या ऑप-अँपवर (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपवर) चालणारी अनेक पेडल १८ व्होल्टवरही चालतात, आणि काही वादक आवाज अधिक मोकळा येतो म्हणून मुद्दाम तसे करतात. मात्र ते निर्मात्याने पेडलवर किंवा माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले असेल तरच करावे. आत चार्ज-पंप चिप आहे की नाही, कपॅसिटर १६ व्होल्टचे आहेत की २५ चे, हे बाहेरून कळत नाही. माझ्या पेडलमध्ये मेकॅनिकने त्याच जातीची, १२ व्होल्टपर्यंत सहन करणारी चिप बसवली आणि ते सुरू झाले.

येथे करंटबद्दलचा एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मला अनेक मुलांमध्ये दिसला आहे. "माझे पेडल २० मिलिअँपिअरचे आहे, मग २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर ते जळेल ना?" असे ते विचारतात. जळणार नाही. आपल्या गावाची डीपी १०० केव्हीएची असली म्हणून ती घरातल्या ९ वॅटच्या बल्बमध्ये १०० केव्हीए ढकलत नाही; बल्ब त्याला लागेल तेवढेच ओढतो. अँपिअरचा आकडा हा अडॅप्टरची ताकद सांगतो, तो किती देऊ शकेल याची ती वरची सीमा आहे. उलट डीपी लहान आणि मोटारी जास्त झाल्या की सगळ्यांचेच व्होल्टेज पडते, तसे अडॅप्टरच्या ताकदीपेक्षा पेडलची बेरीज जास्त झाली की डिजिटल पेडल मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतात, ट्यूनरचे दिवे मंद होतात, आवाजात खरखर येते आणि अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापतो. म्हणून व्होल्टेज पेडलवर लिहिले असेल तेवढेच हवे, आणि करंट सगळ्यांच्या बेरजेपेक्षा कमी पडता कामा नये. मी बेरजेच्या दीडपटीखाली जात नाही, आणि दुप्पट मिळत असेल तर तोच घेतो.

करंट मोजण्यासाठी मी एक लहान केबल करून ठेवली आहे. तिच्या एका टोकाला डीसी सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला पिन आहे. मायनसची तार सरळ गेलेली आणि प्लसची तार मध्ये तोडून तिची दोन टोके मीटरला जोडण्यासाठी बाहेर काढलेली. मीटरची लाल तार आधी १० अँपिअरच्या भोकात लावून बघावे, आकडा लहान आहे याची खात्री झाली की मगच मिलिअँपिअरवर यावे. करंटवर ठेवलेला मीटर अडॅप्टरच्या प्लस-मायनसवर थेट कधीही लावू नये, कारण त्या स्थितीत मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार असते आणि आतला फ्यूज उडतो.

आता पिनेबद्दल. बहुतेक पेडलना लागणारी पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर आणि आतून २.१ मिलिमीटर असते, आणि तिच्या आतल्या भागात मायनस व बाहेरच्या कड्यावर प्लस असते. बाकी जगात सहसा याच्या उलट असते. बॉस, आयबानेझ यांच्या पेडलमुळे रूढ झालेल्या या पद्धतीला एक व्यावहारिक कारण आहे: पेडलमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरीही बसते, आणि बाहेरची पिन घातली की ती आपोआप तुटली पाहिजे. सॉकेटमधला असा आपोआप सुटणारा संपर्क बाहेरच्या कड्याच्या बाजूला असतो. बॅटरीचा मायनस गिटारच्या कॉर्डने, म्हणजे इनपुटच्या स्टिरिओ जॅकमधून आधीच जोडला-तोडला जात असल्यामुळे प्लसची तार त्या कड्याकडे जाणे सोयीचे ठरले. (बॅटरीवर चालवणाऱ्यांनी रात्री कॉर्ड इनपुटमधून काढून ठेवावी, ती याच कारणाने, नाहीतर सकाळी बॅटरी संपलेली मिळते.)

खरा धोका असा की घरातल्या वायफाय राउटरचा, सेट-टॉप बॉक्सचा किंवा सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा अडॅप्टर अनेकदा त्याच मापाच्या पिनेचा असतो. तो पेडलमध्ये अगदी बेमालूम बसतो, पण त्याच्या आतल्या भागात प्लस असतो आणि तो बहुधा १२ व्होल्टचा असतो. पुष्कळ पेडलमध्ये उलट्या विजेपासून वाचवण्यासाठी एक डायोड असतो. वीज उलटी आली की तो स्वतःमधून तिला शॉर्ट करून पुढच्या सर्किटला वाचवतो आणि कधी कधी स्वतः जातो. तेवढ्यावर निभावले तर काही रुपयांच्या १एन४००७ डायोडने पेडल पुन्हा सुरू होते. सगळ्याच पेडलमध्ये तो नसतो. म्हणून कोणताही नवा अडॅप्टर हाती आला की मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक पिनेच्या आत आणि काळे टोक बाहेरच्या कड्याला लावावे. आकड्याआधी वजाचे चिन्ह आले तर आत मायनस आहे, म्हणजे बहुतेक पेडलना हवी तशी वीज आहे. आकडा मुळीच आला नाही तर मीटर एसीवर ठेवून पाहावे, कारण काही यंत्रांचे अडॅप्टर डीसी नव्हे तर एसी देतात. डिजिटेकच्या चौथ्या पिढीच्या व्हॅमी पेडलला ९ व्होल्ट एसीच लागत असे, आणि तो अडॅप्टर चुकून दुसऱ्या पेडलला लागू नये म्हणून त्याच्या वायरीवर रंगीत टेप गुंडाळून ठेवणे चांगले.

त्या रात्रीच्या शिट्टीकडे परत येतो, कारण सगळे तिथूनच सुरू झाले. डिजिटल पेडलमधला प्रोसेसर करंट सलग ओढत नाही, तो ठोक्याठोक्याने ओढतो. साखळी-केबलमध्ये सगळ्यांचा परतीचा मार्ग, म्हणजे मायनसची तार, एकच असते. त्या तारेला थोडासा विरोध असतोच. समजा तो ०.१ ओहम आहे आणि ठोक्यागणिक करंट ५० मिलिअँपिअरने वरखाली होत आहे, तर तारेवर ५ मिलिव्होल्टची कंपने तयार होतात. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल शंभर-दोनशे मिलिव्होल्टच्या घरातला, आणि वाजवणे थांबले की तोही नाही. त्यामुळे ही पाच मिलिव्होल्टची किरकिर ओव्हरड्राइव्हच्या पोटात शिरली की कित्येक पटींनी मोठी होऊन बाहेर येते. पेडलांना जोडणाऱ्या कॉर्डच्या जाळीतूनही मायनस एकमेकांना जोडलेले असल्याने हे सगळे एक वेटोळे होते, आणि जनरेटरच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळ फळी ठेवली की त्या वेटोळ्यात हम, म्हणजे विजेची जाड गुणगुण, हीही शिरते.

यावर खरा उपाय म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय, ज्यात प्रत्येक पेडलसाठी वेगळे वळण किंवा वेगळा विभाग असतो आणि एका आउटपुटचा दुसऱ्याशी तारेचा काहीही संबंध नसतो. तो महाग असतो. त्याच्यासारखे दिसणारे, आठ-दहा सॉकेट असलेले स्वस्त डबेही मिळतात आणि त्यांवरही आयसोलेटेड असे छापलेले असते. ते पारखण्याची पद्धत सोपी आहे: डबा विजेपासून पूर्ण तोडावा, मीटर बीपवर ठेवावा आणि दोन वेगवेगळ्या आउटपुटच्या मायनसना, म्हणजे पिनांच्या आतल्या भागांना, टोके लावावीत. बीप वाजला तर आत सगळे मायनस एकत्र बांधलेले आहेत आणि तो डबा साखळी-केबलचाच भाऊ आहे. डबा परत करण्याची मुदत असेपर्यंत ही परीक्षा करून घ्यावी.

आमच्याकडचा आणखी एक प्रश्न शहरातल्या वादकांना सहसा पडत नाही. जानेवारीनंतर उन्हाळी धानाच्या बांध्यांना पाणी सुरू झाले की काही गावांत रात्री २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळतात. एलिमिनेटरचे धडे घेतल्यावर मी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ७८०९ हा रेग्युलेटर (व्होल्टेज नऊवर स्थिर ठेवणारी चिप) वापरून स्थिर नऊ व्होल्टचा सप्लाय घरी बनवला होता. मुख्य वीज २३० असताना त्यात डायोडनंतर सुमारे साडेपंधरा व्होल्ट मिळत आणि ७८०९ निवांत काम करी. १७० वर तेच ११ व्होल्टपर्यंत उतरत. या रेग्युलेटरला नऊ देण्यासाठी आत सुमारे ११ लागतात, आणि कपॅसिटरवरचे व्होल्टेज दोन ठोक्यांच्या मधे थोडे खाली जातेच; त्यामुळे प्रत्येक खळग्यात रेग्युलेटरचा हात सुटे आणि १०० हर्ट्झचा जाड हम स्पीकरमध्ये येई. मी बराच काळ गिटारचे पिकअप आणि कॉर्ड तपासत बसलो होतो. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, चांगल्या प्रतीचा ९ व्होल्टचा स्विचिंग अडॅप्टर या बाबतीत उजवा, कारण १७० व्होल्ट त्याला पुरेसे असतात.

पण स्विचिंग अडॅप्टरचा एक त्रास अर्थिंग नसले की जाणवतो, आणि गावातल्या मंडपात ते बहुधा नसते. दोन पिनांच्या अशा अडॅप्टरमध्ये मुख्य वीज आणि आउटपुट यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो, आणि अर्थिंग कोठेच नसेल तर त्यातून झिरपणारी विजेची झिणझिण गिटारच्या तारांपर्यंत पोहोचते. गाताना ओठ माइकला लागला की ती टोचते. करंट फार बारीक असतो, पण ज्याला एकदा ती टोचली तो पुढचे कडवे बिचकतच गातो. अँप्लिफायरची तिसरी पिन जोडलेली असेल आणि ती खरोखर जमिनीपर्यंत जात असेल, तर हा त्रास नाहीसा होतो. हम कमी व्हावा म्हणून ती तिसरी पिन तोडणारे किंवा टेप लावून झाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी हात जोडून थांबवतो. अँप्लिफायरमध्ये खरा बिघाड होऊन फेज त्याच्या धातूच्या पेटीला लागला, तर वादक आणि मृत्यू यांच्यामध्ये तेवढी एकच तार असते. जनरेटरवाल्याला सांगून जनरेटरला ओल्या जमिनीत खोल ठोकलेल्या सळईचे अर्थिंग करून घ्यावे. तो नाराज झाला तरी मी आता ते झाल्याशिवाय कॉर्ड जोडत नाही.

या सगळ्यानंतर मी मुख्य विजेचा संबंधच तोडायचे ठरवले, आणि त्याचा उपाय घरातच कोठीच्या कोपऱ्यात होता. आमच्याकडे फवारणीचा बॅटरी पंप आहे. त्यात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असते. धानावरची फवारणी दिवाळीआधीच संपते आणि नाटके दिवाळीनंतर सुरू होतात, त्यामुळे ज्या महिन्यांत मला बॅटरी लागते त्याच महिन्यांत पंप रिकामा असतो. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास असते, म्हणून ती पेडलला थेट जोडून चालत नाही. पण ७८०९ ला जे ११ च्या वरचे व्होल्टेज हवे असते, ते ही बॅटरी रात्रभर आरामात देते. माझी सगळी पेडल मिळून २०० मिलिअँपिअर ओढतात, म्हणजे आठ तासांत १.६ अँपिअर-तास. बॅटरीची निम्मी ताकद राखीव धरली तरी दोन नाटके होतात. रेग्युलेटरमध्ये पाऊण वॅटच्या आत उष्णता तयार होते, तिला ॲल्युमिनियमचा एक लहान तुकडा पुरतो. व्होल्टेज उतरवणारे स्विचिंगचे बक मॉड्यूल स्वस्त मिळते आणि बॅटरी जास्त वेळ चालवते, पण मी ७८०९ निवडला, कारण तो स्वतः कोणताही आवाज करत नाही आणि त्याला फिरवण्याचा स्क्रू नसल्यामुळे धक्क्याने त्याचे नऊचे बारा होत नाहीत.

बॅटरीच्या प्लसला अगदी लागून १ अँपिअरचा फ्यूज मात्र हवाच. एवढीशी दिसणारी ही बॅटरी शॉर्ट झाली तर तार लाल करून पेटवण्याइतका करंट देते, आणि मंडपात गवत, कापड आणि पडदे असतात.

डिजिटल पेडलसाठी मी वेगळा ७८०९ लावला आणि त्याच्या दोन्ही तारा थेट बॅटरीच्या टोकांपासून आणल्या, म्हणजे परतीचा मार्ग सामाईक राहू नये. त्याने शिट्टी बरीच उतरली, पूर्ण गेली नाही, कारण कॉर्डच्या जाळीतून मायनस अजूनही जोडलेलेच होते. मग त्या पेडलच्या पिनेजवळ प्लसच्या तारेत ३.३ ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे प्लस-मायनसमध्ये २२०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर बसवला. प्रोसेसरचे ठोके आता कपॅसिटर भागवतो आणि लांबच्या तारेतून जवळजवळ सलग करंट वाहतो. पेडलला साडेआठ व्होल्ट पोहोचतात आणि त्याची काही तक्रार नाही. शिट्टी गेली.

यंदा फळीवर जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे एक फझ पेडलही आले आहे, आणि त्याला मी या बॅटरीपासून दूर ठेवले आहे. १९६६ मध्ये आलेल्या मूळ फझ फेसच्या धर्तीवर त्यात पीएनपी ट्रान्झिस्टर आहेत, त्यामुळे त्याची पेटी आणि कॉर्डची जाळी मायनसला नव्हे, तर प्लसला जोडलेली आहे. इतर पेडलांच्या साखळीत ते अडकवले तर कॉर्ड लावताच प्लस आणि मायनस एकमेकांना भिडतील. ते नऊ व्होल्टच्या साध्या कार्बन बॅटरीवर चालते आणि जेमतेम एखादा मिलिअँपिअर ओढते, म्हणून एक बॅटरी त्याला हंगामभर पुरावी. त्याच्या बाजूच्या सॉकेटवर मी चिकटपट्टी लावून टाकली आहे, कारण नाटक रंगात आले असताना अंधारात पिन चाचपणारा हात माझा असेलच असे नाही.

परवाच्या मंडईत पडदा पडला तेव्हा उजाडू लागले होते. फळी बांधण्याआधी मी बॅटरीला मीटर लावला, १२.४ होते.